हिलसमोर कोणी नव्हतं

(दृश्य : तळघराचा जिना, निळ्या जर्सी, जुना रेडिओ)

हे आमचे घरमालक. गाव लेक्सिंग्टन, राज्य केंटकी. वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. मार्च लागला की खालून बास्केटबॉलचं समालोचन ऐकू येतं, पण मॅच १९९२ ची असते.

टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि रेडिओ लावायचा, ही इथल्या जुन्या घरांतली रीत. रेडिओवर केवुड लेडफर्ड. ३९ वर्षं केंटकी विद्यापीठाच्या मॅचेस त्यांनी सांगितल्या. या कॅसेटवरची मॅच केंटकीसाठी त्यांची शेवटची.

घरमालकांच्या पोतडीत पराभव बरेच आहेत. १९८४ मध्ये जॉर्जटाउनविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये ३३ पैकी ३ शॉट आत गेले. २०१५ मध्ये ओळीनं ३८ मॅच जिंकल्यावर विस्कॉन्सिननं हरवलं. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सनं. हे सगळं ते वाण्याची यादी वाचावी तसं सांगतात. मग कॅसेट लावतात.

(दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं)

त्याआधी १९८९ समजून घ्यायला हवं. खेळाडू मिळवताना झालेल्या गैरव्यवहारांमुळे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेनं केंटकीवर कारवाई केली. दोन वर्षं मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेला बंदी, एक हंगाम टीव्हीवर थेट प्रक्षेपण नाही. प्रशिक्षक गेले, मोठी नावं गेली. चार पोरं मात्र थांबली. रिची फार्मर मँचेस्टरचा, जॉन पेल्फ्री पेंट्सव्हिलचा, डेरॉन फेल्डहाउस मेसव्हिलचा, म्हणजे तिघं याच राज्याच्या छोट्या गावांतले. चौथा शॉन वूड्स, शेजारच्या इंडियानाचा. न्यूयॉर्कहून रिक पिटिनो आले आणि पोरांना पळवून पळवून तयार केलं. पहिल्या वर्षी १४ जिंकल्या, १४ हरल्या. पुढच्या वर्षी २२ जिंकल्या, तरी बंदीमुळे मार्चमध्ये घरीच. हल्ली एक वर्ष खेळून एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जाणारी मुलं बघताना घरमालक या चौघांची गावं पुन्हा एकदा मोजतात. आम्हीही आता मोजतो.

(दृश्य : टीव्हीवर मॅच, आवाज रेडिओचा)

२८ मार्च १९९२, फिलाडेल्फियाचं स्पेक्ट्रम. समोर गतविजेता ड्यूक. जिंकणारा शेवटच्या चारांत. दुसऱ्या हाफमध्ये ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरनं खाली पडलेल्या केंटकीच्या अमिनू टिंबरलेकच्या छातीवर पाय ठेवला. टेक्निकल फाउल मिळाला, पण मैदानाबाहेर काढलं नाही. इथे घरमालक दर वेळी कॅसेट थांबवतात.

मॅच जादा वेळेत गेली. २८ गुण करून केंटकीचा जमाल मॅशबर्न पाच फाउलवर बाहेर. शेवटी वूड्सनं लेटनरच्या डोक्यावरून फळीवर आपटून चेंडू आत घातला. १०३–१०२, केंटकी पुढे. उरले २.१ सेकंद.

(दृश्य : घरासमोरचा रस्ता, हातात चेंडू)

पुढचं घरमालकांनी आम्हाला रस्त्यावर करून दाखवलं. ड्यूकचा ग्रँट हिल रेषेबाहेर उभा. त्याला सुमारे ७५ फूट लांब फेकायचं होतं. त्याच्यासमोर हात वर करून एक माणूस उभा केला की फेक बिघडते. पिटिनोंनी तो माणूस मागे घेतला. लेटनरच्या अंगावर दोघं, फेल्डहाउस आणि पेल्फ्री, आणि ताकीद अशी की फाउल करायचा नाही. म्हणून दोघंही अंग चोरून उभे. लेटनरनं चेंडू झेलला, एकदा टप्पा दिला, उजवीकडे हूल दिली, डावीकडे वळला. त्या दिवशी त्याचे दहाही शॉट आत गेले, दहाही फ्री थ्रो.

(दृश्य : शॉट. निवेदन नाही, फक्त रेडिओ.)

१०४–१०३. शारजातला मियाँदादचा षटकार ज्यांनी पाहिला, त्यांना हे चेहरे ओळखीचे वाटतील.

ड्यूक पुन्हा विजेता झाला. थांबलेल्या त्या चौघांच्या जर्सी सन्मान म्हणून रप अरीनाच्या, म्हणजे केंटकीच्या घरच्या मैदानाच्या, छताला लागल्या. १९९८ मध्ये केंटकीनं ड्यूकला हरवून परतफेड केली आणि विजेतेपदही मिळवलं.

(दृश्य : पुन्हा रस्ता)

घरमालक पुन्हा हिलच्या जागेसमोर उभे, हात वर. आमचा कॅमेरामन तीनदा चेंडू फेकतो. एकदा हाताला लागतो, दोनदा शेजाऱ्यांच्या कुंपणात.

समोर कोणी नसतानाही कॅमेरामनची फेक तिथवर पोचली नव्हती. ते चित्रण आम्ही वापरलेलं नाही.