माद्रिद ते न्यूयॉर्क: जाताना जास्त वेळ, येताना कमी. असं का?

नमस्कार! आज माझ्या हातात पृथ्वीचा गोल आहे आणि साधा शिवणाचा दोरा. विमानतळांमधलं अंतर मोजायला सुरुवातीला एवढं पुरतं.

माद्रिद आणि न्यूयॉर्क, दोन्ही साधारण 40 अंश उत्तर अक्षांशावर. सपाट नकाशावर बघितलं तर वाटतं, नाकासमोर पश्चिमेला निघालं की पोचलो. आता दोरा दोन्हीकडे धरून ताणते. बघा, सरकला वर! मधोमध तर जवळपास 46 अंशांवर गेलाय. अक्षांश धरून गेलात तर सुमारे 5,940 किलोमीटर, दोऱ्याच्या वाटेनं 5,770. शाळेत भूगोलात बृहद्वृत्त शिकलो होतो ना, ते हेच. मला हे आजही नवल वाटतं: नकाशावर वाकडी दिसणारी वाटच जवळची.

संगणक हाच दोरा गणितानं ताणतो. अक्षांश-रेखांश द्यायचे, हॅवरसाइन सूत्रानं दोन ठिकाणांमधला, पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा. इथे तो 52 अंशांच्या आसपास येतो. एक अंश म्हणजे 60 नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल 1,852 मीटरचा. गुणाकार करून बघा, जमेल.

अंतर मिळालं. पण वेळ? खरी गंमत इथे आहे.

ताशी 900 किलोमीटर धरले तर 6 तास 25 मिनिटं. पण हा वेग हवेतला, आणि हवा स्वतःच वाहत असते. या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे असतात, जेट स्ट्रीम. समजा, वारा सरासरी ताशी 100 किलोमीटरचा आहे. न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीवरचा वेग उरला 800, वेळ 7 तास 13 मिनिटं. परत येताना वेग 1,000, वेळ 5 तास 46 मिनिटं.

थांबा, दोन्ही वेळा जोडून बघा. 12 तास 59 मिनिटं. वारा नसता तर 12 तास 49. जाताना गमावलेलं येताना पुरतं भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो!

यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण मिळवा. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते, म्हणून ती आपल्या हिशेबापेक्षा जास्त दिसते.

कधी दोराच ताणता येत नाही. 2022 मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियोचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. गोलावरचं अंतर तेच, वाट मात्र वळसा घालून.

शेवटी घड्याळ. माद्रिदहून दुपारी 12 ला निघून न्यूयॉर्कला 2 ला उतरलात, तर प्रवास दोन तासांचा नाही हं. न्यूयॉर्कचं घड्याळ सहसा 6 तास मागे असतं. ते सहा मिळवा, आठ तास झाले.