फ्रांक श्मिट: दोन सामन्यांचा प्रशिक्षक

सप्टेंबर 2007. जर्मनीतल्या हायडेनहाइमचा फुटबॉल संघ ओबरलीगात, म्हणजे तेव्हाच्या चौथ्या स्तरावर अडखळत होता. प्रशिक्षकाला निरोप दिला गेला आणि क्लबचे कारभारी होल्गर झानवाल्ड यांनी फ्रांक श्मिट यांना गळ घातली: दोन सामने सांभाळा, तोवर कुणीतरी शोधतो. श्मिट याच गावचे, खेळायचे बचावफळीत. आखेन, मानहाइम अशा क्लबांतून खेळत 2003 मध्ये घरी परतले होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. वय 33, शिक्षण बँकेतल्या कामाचं.

दुसरं कुणी शोधावं लागलंच नाही.

नशिबानेही हात दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2008 मध्ये नवी तिसरी लीग सुरू झाली, तिच्या खालच्या रेगिओनाललीगांत, म्हणजे विभागीय लीगांत, जागा मोकळ्या झाल्या आणि ओबरलीगातून एकाऐवजी चार संघ वर गेले. त्यात हायडेनहाइम होतं. पुढच्याच मोसमात त्यांनी रेगिओनाललीगा जिंकली. तेव्हा अशा तीनच लीगा, त्यामुळे विजेत्याला थेट बढती. 2012 मध्ये त्यांच्या पाच झाल्या आणि विजेत्यांनाही प्ले-ऑफ, म्हणजे बढती ठरवणारी जादा लढत, खेळावा लागू लागला.

तिसऱ्या लीगमध्ये मात्र पाच मोसम गेले. वीस संघ, 38 सामने, थेट बढती फक्त दोघांना. इथे क्लबांचा धीर सुटतो. प्रशिक्षक बदलतो, नवा माणूस आपल्या पसंतीचे खेळाडू मागतो, बसलेली घडी पुन्हा विस्कटते. हायडेनहाइमने श्मिटना हलवलं नाही. 2008 मध्ये कार्ल्सरूहच्या दुय्यम संघातून आलेला मार्क श्नाटरर तर 2021 पर्यंत तिथेच खेळला. 2014 मध्ये हायडेनहाइमने ही लीग जिंकली आणि दुसऱ्या स्तरावर पोहोचलं.

2020 मध्ये बुंडेसलीगाच्या, म्हणजे सर्वोच्च लीगच्या दारात तिथल्याच ब्रेमेनशी दोन सामन्यांचा प्ले-ऑफ: 0-0, मग घरच्या मैदानावर 2-2. एकही सामना न हरता संधी गेली, कारण बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल मोजले जायचे.

मे 2023, दुसऱ्या स्तरावरच्या मोसमाचा शेवटचा सामना रेगेन्सबुर्गमध्ये. हायडेनहाइम 0-2 ने मागे, मग 1-2. भरपाईचा वेळ 11 मिनिटं. तिकडे झांडहाउझेनमध्ये सामना जिंकून हॅम्बुर्गचे चाहते मैदानात उतरले, बढती मिळालीच असं समजून. इकडे तिसऱ्या जादा मिनिटाला हायडेनहाइमच्या बेस्टेची पेनल्टी आत, नवव्या मिनिटाला क्लाइनडीन्स्टचा गोल. 3-2.

हायडेनहाइम आणि डार्मश्टाट, दोघांचे 67 गुण. गोलफरकावर विजेतेपद श्मिटच्या संघाला, आणि दोघांनाही थेट बुंडेसलीगात बढती. तिसऱ्या क्रमांकावरच्या हॅम्बुर्गला प्ले-ऑफ खेळावा लागला, आणि तिथले दोन्ही सामने बुंडेसलीगातल्या श्टुटगार्टने जिंकले.