कर्णा लावून ऐकलेली अमेरिका

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या बाईंबद्दल मी बोलणार आहे, त्यांना हे भाषण ऐकू आलं नसतं. हॅरिएट मार्टिनो विशीत आल्या तोवर जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. समोरच्याचं ऐकायचं तर कर्णा लागायचा. त्याचं निमुळतं टोक स्वतःच्या कानात धरायचं आणि रुंद तोंड बोलणाऱ्याच्या ओठांपाशी न्यायचं. असा कर्णा बरोबर घेऊन ही बत्तीस वर्षांची इंग्रज लेखिका १८३४ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलहून जहाजात बसली. बेचाळीस दिवसांनी न्यूयॉर्कला उतरली आणि पुढची जवळपास दोन वर्षं अमेरिका ऐकत फिरली.

बहिरी बाई परक्या देशाबद्दल काय लिहिणार, अशी शंका कुणालाही येईल. मार्टिनोबाईंनी तिचं उत्तर आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच देऊन टाकलंय. त्या म्हणतात, माझ्या कर्ण्यात माणसाला जवळ ओढण्याची काहीतरी जादू आहे. चारचौघांतलं बोलणं माझ्या हाती लागत नाही हे खरं, पण एकेकट्याशी बसून मला जे मिळतं ते धडधाकट कानांच्या माणसांना मिळत नाही. मला हे पटतं. कर्ण्यात बोलायचं तर माणसाला शेजारी येऊन बसावं लागतं, आवाज बेतावा लागतो आणि जे बोलायचं ते नीट जुळवून बोलावं लागतं. इतक्या जवळून थापा मारणं सोपं नसतं.

बाई नॉरिचच्या. वडिलांचा कापड विणून घेण्याचा कारखाना होता. १८२६ मध्ये वडील गेले आणि तीन वर्षांत धंदाही बुडाला. मग दिवसा शिवणकाम आणि रात्री लेखन असं करून त्यांनी पोट भरलं. अर्थशास्त्राची तत्त्वं गोष्टींतून सांगायची, दर महिन्याला एक गोष्ट छापायची, अशी माला त्यांनी १८३२ मध्ये सुरू केली आणि त्या इंग्लंडभर गाजल्या. दोन वर्षांत ती माला संपली तेव्हा जीव दमला होता. विश्रांती हवी होती, म्हणून अमेरिका.

विश्रांती कसली! जहाजावरच त्यांनी परका समाज कसा पाहावा यावर लिहायला घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: दुसऱ्याच्या देशाला आपल्या घरच्या गजानं मोजू नका. इंग्लंडात असं असतं आणि इथे तसं नाही, म्हणून इथलं वाईट, हे निरीक्षण नव्हे. कापडवाल्याच्या मुलीला गजाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्या काळी कितीतरी इंग्रज प्रवासी अमेरिकेला जात आणि तिथली माणसं जेवतात कशी, थुंकतात कुठे, यावर पानंच्या पानं भरत. बाईंनी ते टाळलं. त्यांनी अमेरिकेचाच गज उचलला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात या लोकांनी लिहून ठेवलं होतं की सर्व माणसं समान जन्मली आहेत आणि सरकारला सत्ता मिळते ती शासितांच्या संमतीतून. बाई म्हणाल्या, ठीक आहे, हे तुमचं वचन. आता ते तुम्ही कितपत पाळता ते बघू या.

त्यांच्या तीन वर्षं आधी अलेक्सी द तोकव्हील हा तरुण फ्रेंच न्यायाधिकारी नऊ महिने हा देश फिरून गेला होता. त्याचं नाव जगभर झालं आणि ते रास्तच आहे. लोकशाहीचा आराखडा त्याच्याइतका कुणाला दिसला नाही. पण मला मार्टिनोबाई अधिक जवळच्या वाटतात. स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या खोलीत, बाळाच्या पाळण्यापाशी त्यांना सहज जाता आलं आणि लोकशाहीचा पाया त्यांनी तिथे तपासला.

तेव्हा चोवीस राज्यांचा देश होता आणि अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष होते. १८३५ च्या हिवाळ्यात बाई वॉशिंग्टनला राहिल्या तेव्हा देशातले बडे पुढारी एकेक करून त्यांच्या बैठकीत येऊन बसले. हेन्री क्ले सोफ्यावर ताठ बसायचे, हातात तपकिरीची डबी, आणि मऊ, संथ आवाजात तासन्‌तास बोलायचे. डॅनियल वेब्स्टर ऐसपैस रेलून किस्से सांगत. आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅल्हून! बाईंनी त्यांना ओतीव लोखंडाचा माणूस म्हटलंय. हा कधी जन्मला नसावा आणि कधी विझणारही नाही, असा त्यांचा चेहरा. कॅल्हून समोर कोण आहे ते न बघता आपलंच म्हणणं घडाघडा सांगत सुटायचे. ऐकून घेण्याची त्यांना सवयच राहिली नव्हती, आणि ही नोंद केली एका बहिऱ्या बाईनं.

अमेरिकेतलं खूप काही बाईंना मनापासून आवडलं. रस्त्यावर भिकारी दिसत नव्हते. साध्या मजुरालाही उद्याची आशा होती. माणसं धीराची आणि अनोळखी पाहुणीशी मायेनं वागणारी होती. लोकांनी स्वतःचा कारभार स्वतः करावा, हा प्रयोग यशस्वी होतोय अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणूनच त्यांची टीका बोचते. शत्रूनं काढलेली खोड झटकून टाकता येते, पण आपलं भलं चिंतणाऱ्यानं काढलेली खोड मनात घर करते.

पहिलं त्यांना खटकलं ते लोकमताचं भय. आमच्याकडे कुठला सरकारमान्य धर्म नाही, असं अमेरिकन अभिमानानं सांगत. बाईंनी लिहिलं की लोकमताची पूजा हाच या देशाचा प्रस्थापित धर्म आहे. राजा नाही, सरदार नाहीत, तरी शिकलेसवरलेले लोक शेजारी काय म्हणतील या धास्तीनं गप्प बसतात. काही भले गृहस्थ मतदानालाही जात नाहीत हे ऐकून तर त्या थक्क झाल्या.

मग त्यांनी गज लावला बायकांना. त्यांच्या ग्रंथात एक प्रकरण आहे, त्याचा विषयच मुळी स्त्रियांचं राजकीय अस्तित्व नसणं हा. त्यांचा सवाल सरळ होता. सरकारची सत्ता शासितांच्या संमतीवर उभी आहे ना? मग बायकांकडून कर घेता, गुन्हा केला तर त्यांना तुरुंगात घालता, फासावर देता. यासाठी त्यांनी संमती दिली कधी? तो जाहीरनामा लिहिणाऱ्या खुद्द जेफर्सननं असं म्हणून ठेवलं होतं की निव्वळ लोकशाही असती तरी विचारविनिमयातून स्त्रिया, गुलाम आणि लहान मुलं यांना वगळावं लागलं असतं. बाईंनी हे वाक्य धरलं आणि सोडलं नाही. अमेरिकन पुरुष बायकांचा फार मान राखतात, उठून जागा देतात, हे सगळे त्यांना कौतुकानं सांगत. त्यावर त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: न्यायाच्या जागी तिला लाड दिले जातात.

आणि मग दक्षिणेकडची, गुलामगिरी चालणारी राज्यं. श्रोतेहो, चार्ल्सटनच्या गुलामबाजारातला प्रसंग मी जसा वाचला तसाच तुमच्यासमोर ठेवतो. माणसं मांडायला एक टेबल होतं. त्यावर एक बाई उभी केली होती, एक मूल छातीशी आणि दुसरं तिच्या कमरेच्या फडक्याला धरून. बाई टापटीप होती. कमरेचं फडकं स्वच्छ धुतलेलं आणि डोक्याला पिवळा रुमाल. लिलाव पुकारणारा थट्टामस्करी करत बोली चढवत होता. तिची मान खाली झुकत होती, आणखी खाली, आणखी खाली, पण डोळे मात्र सारखे या बाजूनं त्या बाजूला फिरत होते, कोण घेतंय ते बघत. तिची आशा अजून पुरती मेली नव्हती, असं मार्टिनोबाई लिहितात. तिच्यानंतर आठ-नऊ वर्षांच्या एका पोराला एकट्यालाच टेबलावर चढवलं.

शेजारी एक गोरी, हसऱ्या स्वभावाची बाई उभी होती. ती मार्टिनोबाईंना म्हणाली, दोन वंशांपैकी एकानं दुसऱ्याच्या हाताखाली राहायलाच हवं असं माझं मत आहे. कुणी कुणाच्या ते मला सारखंच. उद्या काळे वर आले तर माझ्या दोन मुलांसकट या टेबलावर उभं राहून विकलं जायला माझी हरकत नाही. मार्टिनोबाईंनी लिहिलंय, ते ऐकून मनात आलं की तसंच होवो, निदान ती आई तरी सुटेल.

त्याआधी, १८३५ च्या फेब्रुवारीत, त्या व्हर्जिनियात माजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या घरी पाहुण्या होत्या. अमेरिकेच्या राज्यघटनेचे जनक मानले जाणारे हे मॅडिसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. पाठीशी उशी, अंगात काळा रेशमी झगा, डोक्यावर उबदार टोपी, संधिवातानं धरलेल्या हातांत लोकरी मोजे. आवाज मात्र खणखणीत. ते भरभरून बोलले आणि सर्वांत जास्त बोलले गुलामगिरीबद्दल. तिचे सगळे दोष त्यांनी कबूल केले. गुलामांची संख्या वाढत जाते आणि त्यांना पोसायला चांगली जमीन विकावी लागली, हेही सांगितलं. आणि तरीही गेल्याच आठवड्यात एक डझन गुलाम विकावे लागले, असंही सांगितलं. मी या जागी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. शासितांच्या संमतीवर एक आख्खं राज्य उभारणारा माणूस शांतपणे कर्ण्यात हे सांगतो आहे, आणि समोरची बाई ते लिहून घेते आहे. बाईंनी त्यांचा आदर सोडला नाही आणि वाक्यही गाळलं नाही.

उत्तरेत तरी वचन पाळत असतील? मिसिसिपी नदीवर आगबोटीत बॉस्टनचे एक गृहस्थ त्यांना म्हणाले होते की आमच्याकडच्या काळ्या लोकांना काही त्रास नाही, त्यांची मुलं शाळेत जातात, बाप्ये मत देतात. बॉस्टनला पोचल्यावर बाईंना उलटंच दिसलं. त्यांनी गृहस्थांना खोटं ठरवलं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि बॉस्टनच्या एका जाणत्या नागरिकाला आपल्या गावातलं एवढंही ठाऊक असू नये, यातच सगळी हकीकत आली, असं त्यांनी लिहिलं.

२१ ऑक्टोबर १८३५. त्या दिवशी बाई प्रवासात बॉस्टनहून जात होत्या. रस्त्यात चांगल्या कपड्यांतल्या माणसांची तुडुंब गर्दी होती. त्यांनी विचारलं तेव्हा, आज परदेशी डाकेचा दिवस आहे, असं उत्तर मिळालं. नंतर कळलं ते असं. गुलामगिरीविरोधी स्त्रियांची सभा उधळायला तो जमाव आला होता आणि त्यानं त्याच मताच्या वृत्तपत्राचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांना दोरीनं बांधून रस्त्यातून फरफटवलं होतं. झुंडीत गुंड नव्हते. शहरातले इभ्रतदार लोक होते.

महिन्याभरात, नोव्हेंबरमध्ये, त्याच स्त्रियांची पुन्हा सभा भरली. बाई पाहुण्या म्हणून गेल्या. मध्येच कुणीतरी एक चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवली: दोन शब्द बोलाल का? त्यांना ठाऊक होतं की आता तोंड उघडलं की पाहुणचार संपला. आजवर दोन्ही पक्षांची माणसं त्यांच्या कर्ण्यात मोकळेपणी बोलत आली होती, कारण त्या सगळ्यांच्या पाहुण्या होत्या. त्या उठल्या. दक्षिणेत ज्या ज्या घरी उतरले तिथे जे सांगितलं तेच सांगते, म्हणाल्या, गुलामगिरी देवाच्या कायद्याविरुद्ध आहे. आणि तुमच्या तत्त्वांशी मी सहमत आहे.

चार-सहा वाक्यंच ती. वृत्तपत्रं तुटून पडली. जेवणाची आमंत्रणं बंद झाली. पुढच्या वर्षी ओहायो नदीवरून जायचा बेत होता, तो जिवाच्या भीतीनं सोडावा लागला. मित्रांच्या सल्ल्यानं त्या उत्तरेच्या सरोवरांकडून फिरल्या, आणि १८३६ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी निघाल्या. अमेरिकन समाजावरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८३७ मध्ये निघाला.

आपल्या मराठी मुलखाचाही या हकीकतीशी धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. बॉस्टनच्या त्या सभेत जीव मुठीत धरून बसलेल्या बायका त्याच लोकांपैकी. आणि १८८६ मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे दोन-अडीच वर्षं तिथे फिरल्या आणि १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. बाईमाणसानं अमेरिका कशी पाहिली हे आपल्याच भाषेत वाचायचं असेल तर तो जरूर मिळवा.

मार्टिनोबाई पुढे लंडनच्या 'डेली न्यूज'मध्ये वर्षानुवर्षं अग्रलेख लिहीत राहिल्या आणि अमेरिकेचा विषय त्यांनी कधी सोडला नाही. १८६५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्यानं संपलेली त्यांनी पाहिली. १८७६ मध्ये त्या गेल्या. बायकांचं मत मात्र अजून बाकी होतं.

जुलै १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या गावी स्त्रिया जमल्या होत्या. त्यांनी तोच १७७६ चा जाहीरनामा समोर घेतला, 'सर्व माणसं' असं जिथे होतं तिथे 'सर्व पुरुष आणि स्त्रिया' असं लिहिलं आणि खाली शंभर जणांनी सह्या केल्या. त्यात शार्लट वुडवर्ड नावाची, हातमोजे शिवून पोट भरणारी एक तरुण मुलगी होती. १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तेव्हा सह्या करणाऱ्या बायकांपैकी ती एकटीच हयात होती, नव्वदी ओलांडलेली. मतदानाच्या दिवशी ती आजारी होती. घराबाहेर पडू शकली नाही.

नमस्कार.