अंतर्वर्तुळ: केंद्र कुठे, त्रिज्या किती?

पडद्यावर त्रिकोण अबक आहे. अब १३ सेंटिमीटर, बक १४ आणि अक १५. आत एक लहानसं वर्तुळ सोडू आणि फुगवत नेऊ. ते एका बाजूला टेकलं, तर थोडं सरकवू. पुन्हा फुगवू. तिन्ही बाजूंना टेकलं, की खेळ संपला. आता वाढायलाही जागा नाही, सरकायलाही नाही. हे अंतर्वर्तुळ.

याचं केंद्र नेमकं कुठे?

अब आणि अक या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावरचे आतले बिंदू कोन अ च्या दुभाजकावर असतात. अब आणि बक यांच्यासाठी तेच काम कोन ब चा दुभाजक करतो. हे दोन दुभाजक जिथे छेदतात, तो बिंदू तिन्ही बाजूंपासून सारखाच लांब. मग कोन क च्या दुभाजकालाही तिथूनच जावं लागतं. वहीत तो जरा बाजूने गेला, तर दोष पेन्सिलचा! युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स'च्या चौथ्या खंडात ही रचना दिली, तीही दोनच दुभाजक काढून.

गफलत होते ती पुढे. दुभाजक समोरच्या बाजूला मिळतो, तिथवर कंपास उघडला जातो. आपल्या त्रिकोणात कोन अ चा दुभाजक बक ला ब पासून ६.५ सेंटिमीटरवर मिळतो. वर्तुळ मात्र ६ सेंटिमीटरवर टेकतं. त्रिज्येतला फरक इथे केसाएवढाच, म्हणून चूक खपून जाते. समभुज त्रिकोणात तर फरकच उरत नाही. त्रिकोण तिरपा झाला, की वर्तुळ बाजू ओलांडून बाहेर डोकावतं. त्रिज्या हवी, तर केंद्रातून बाजूवर लंबच टाकायला हवा.

किंवा गणित करा. केंद्र तिन्ही शिरोबिंदूंना जोडलं, की तीन त्रिकोण मिळतात आणि तिघांची उंची एकच: त्रिज्या. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे अर्धपरिमिती गुणिले त्रिज्या. इथे क्षेत्रफळ ८४, अर्धपरिमिती २१, त्रिज्या ४.

स्पर्शबिंदू तर नुसत्या वजाबाकीने सापडतात. एकाच शिरोबिंदूपासूनचे दोन स्पर्शिकाखंड सारखे असतात, आणि त्यांची लांबी म्हणजे अर्धपरिमिती वजा समोरची बाजू. अ पासून ७, ब पासून ६, क पासून ८. ताडून पाहा: ७ आणि ६ मिळून १३, ६ आणि ८ मिळून १४, ७ आणि ८ मिळून १५. एकही दुभाजक न काढता, फक्त पट्टीने तिन्ही खुणा करता येतात.