झाड हलवायचं, साल सांभाळायची

(दृश्य: अमेरिकेतलं मिशिगन राज्य, जुलै महिना. आंबट चेरीची बाग.)

खोड धरून झाड हलवणारं यंत्र लावलं की पाच-दहा सेकंदांत झाड रिकामं होतं. मॉन्टमोरेन्सी जातीची ही चेरी जाते जॅम, रस आणि बेकरीकडे. देठ झाडावरच राहिला तरी बिघडत नाही, म्हणून इथे हे यंत्र चालतं. हापूसला ते चालायचं नाही. देठ मुळातून तुटला की चीक ओघळून फळ डागाळतं. तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेलाच बरा, काठीच्या टोकाच्या जाळीत देठासकट फळ उतरवणारा.

(दृश्य: खोडाला धरलेली पकड, जवळून.)

पकडीच्या डोक्यात दोन वजनं फिरतात, मुद्दाम एका अंगाला जड ठेवलेली. दोन्ही मिळून 40 किलो, मध्यापासून 10 सेंटिमीटर दूर, सेकंदाला 15 फेरे, असं धरू. जोर निघतो सुमारे 35,500 न्यूटन, म्हणजे साडेतीन टनांच्या वर. हलणारा सगळा भार 500 किलो मानला, तर खोड सरकतं दोन्हीकडे जेमतेम 8-8 मिलिमीटर. फेरे दुप्पट केले तर जोर चौपट.

वजनं सारख्याच वेगानं उलटसुलट फिरली, तर झाड एका रेषेत हलतं. वेगात किंचित फरक ठेवला की दिशा फिरत राहते आणि चहूकडच्या फांद्यांना धक्का मिळतो. लांब, लोंबती फांदी मात्र तो गिळून टाकते, फळ नुसतं झुलतं. त्यावर उपाय यंत्रात नाही, छाटणीत आहे. देठ सैल व्हावा म्हणून आठवडा-दोन आठवडे आधी इथेफॉन फवारतात. आपल्याकडे डाळिंबाच्या पानगळीला वापरतात तेच. कडक उन्हात मात्रा जास्त झाली, तर झाडाला डिंक येतो.

खरी कसोटी पकडीची. साल सरळ दाब बऱ्यापैकी सोसते, पण तिरकी ओढ सोसत नाही. त्यात या दिवसांत झाडात रस भरलेला असतो आणि सालीखालचा थर निसरडा असतो. म्हणून जाड, मऊ पॅडवर रबराचा दुसरा पदर चढवतात आणि दोहोंच्या मध्ये ग्रीस लावतात. घसरायचं ते रबरावर रबर घसरावं, लाकडावर साल नव्हे. ग्रीस सुकलं, पॅड कडक झालं किंवा चालकानं पकड तिरपी लावली की साल सुटलीच. त्या जखमेतून रोग शिरतो.

यंत्र सुरू आणि बंद होतानाचा क्षणही वाईट. वेग कमी असताना कंप झाडाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळतो आणि झाड वेडंवाकडं हेलकावतं. म्हणून काही यंत्रांत वेग येईपर्यंत दोन्ही वजनं समोरासमोर ठेवतात. एकाचा जोर दुसरं खाऊन टाकतं.

(दृश्य: उतरत्या कॅनव्हासवरून घरंगळणारी फळं.)

फळं पट्ट्यावरून थंड पाण्याच्या टाकीत पडतात. पाण्यामुळे खालच्या थरावर भार येत नाही आणि फळ घट्ट राहतं. पाणी कोमट झालं, तर पुढे बी काढताना गर बियांबरोबर निघून जातो.