रोशनचं रौप्य, मेरीचं कांस्य

मंडळी, नमस्कार.

मध्यंतरी एका शाळेच्या क्रीडा महोत्सवात बक्षिसं द्यायला गेलो होतो. शंभर मीटर जिंकलेली मुलगी समोर आली. सातवीतली, गुडघे लाल मातीनं माखलेले, श्वास अजून बसलेला नव्हता. बक्षीस देता देता मी तिला विचारलं, "आशियाई स्पर्धेत शंभर मीटरला आपल्या मुलींपैकी पहिलं पदक कुणी आणलं, सांग बरं?" तिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "पी. टी. उषा, सर!" मागं उभ्या असलेल्या शिक्षकांनीही कौतुकानं मान डोलावली.

उत्तर चुकलं, पण तिचा काही दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उषानं १९८२ साली दिल्लीत शंभर मीटरला रौप्य मिळवलं, ते खरं. पण त्याच्या एकतीस वर्षं आधी, त्याच दिल्लीत, आपल्या मुंबईची एक पारशी मुलगी शंभर मीटरला दुसरी आली होती. रोशन मिस्त्री तिचं नाव. आज मी बोलणार आहे ते तिच्याबद्दल, मेरी डिसूझाबद्दल, लेव्ही पिंटोबद्दल. पहिल्या आशियाई स्पर्धेचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्या स्पर्धेतली आपली माणसं सांगायची आहेत.

थोडी पार्श्वभूमी लागेल, ती पटकन सांगतो. आशिया खंडाची स्वतंत्र स्पर्धा असावी ही कल्पना गुरुदत्त सोंधी यांची. लाहोरचे प्राध्यापक, ऑलिंपिक चळवळीत मुरलेले. त्यांनी १९३४ मध्ये दिल्ली आणि पतियाळ्याला पश्चिम आशियाई स्पर्धा भरवून पाहिली होती. मग महायुद्ध आलं, फाळणी झाली. १९४९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत आशियाई क्रीडा महासंघ स्थापन झाला. पहिली स्पर्धा १९५० ला व्हायची होती, तयारी झाली नाही म्हणून वर्षभर पुढं गेली. तयारीची मुख्य जबाबदारी अँथनी डी'मेलो यांच्यावर होती. गोव्याच्या घराण्यातला हा माणूस. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं त्यातही यांचा मोठा वाटा.

४ ते ११ मार्च १९५१. अकरा देश, ४८९ खेळाडू, सहा खेळ. इंडिया गेटजवळचं जुनं आयर्विन अॅम्फिथिएटर, त्याचं नाव तेव्हा नॅशनल स्टेडियम झालेलं. लाल किल्ल्यावर सूर्यकिरणांवर भिंग धरून ज्योत पेटवली आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी स्पर्धेचं उद्घाटन केलं.

यात जपान आला होता, हे ध्यानात ठेवा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचं आमंत्रण जपानला मिळालं नव्हतं. १९५१ च्या मार्चमध्ये त्या देशावर अजून दोस्त राष्ट्रांचा ताबा होता, तो उठला १९५२ च्या एप्रिलमध्ये. तरी दिल्लीनं त्यांना बोलावलं. आणि जपान्यांनी साठ पदकं नेली, त्यात चोवीस सुवर्ण. आपण दुसरे. पंधरा सुवर्ण, सोळा रौप्य, वीस कांस्य, एकूण एक्कावन्न. आपल्या पदकांकडे पाहताना हे विसरून चालत नाही, की समोर असा संघ होता.

पंधरा सुवर्णांपैकी दहा अॅथलेटिक्समधली. रणजितसिंग ८०० मीटरला, निक्कासिंग १५०० मीटरला, छोटासिंग मॅरेथॉनला. मॅरेथॉनची वेळ २ तास ४२ मिनिटं ५८.६ सेकंद. चालण्याच्या दोन्ही शर्यती, गोळा, थाळी, ४ बाय ४०० रिले. फुटबॉलमध्ये अंतिम सामन्यात इराणला एक-शून्यानं हरवलं, गोल मेवालालचा, कर्णधार सैलेन मन्ना. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना ही फुटबॉलची गोष्ट तोंडपाठ असायची, म्हणून मी तिच्यावर थांबत नाही.

सचिन नाग यांच्यापाशी मात्र थांबायलाच हवं. १९४७ साली कोलकात्याच्या दंगलीत या पोहणाऱ्याच्या पायात गोळी घुसली होती. तुम्हीच विचार करा, पोहणाऱ्याचा पाय! पुढच्याच वर्षी हा माणूस लंडन ऑलिंपिकमध्ये पाण्यात उतरला. आणि १९५१ ला दिल्लीत शंभर मीटर फ्रीस्टाइलला पहिला, १ मिनिट ४.७ सेकंद. भारताचं आशियाई स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण ते. मागं टाकलं कुणाला? सिंगापूरच्या निओ च्वी कोकला, ज्यानं त्याच स्पर्धेत ४००, ८००, १५०० मीटर आणि रिले अशी चार सुवर्णं जिंकली. नाग १९८७ ला गेले. ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० ला, मरणोत्तर. तेहेतीस वर्षं उशिरा. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आता मुंबईकडे येतो.

लेव्ही पिंटो. जन्म नैरोबीचा, पण धावला मुंबईच्या मैदानांवर. दिल्लीत त्यानं शंभर मीटर जिंकली १०.८ सेकंदांत आणि दोनशे मीटर जिंकली २२ सेकंदांत. एकाच स्पर्धेत दोन्ही. आज ही वेळ ऐकून आमची मुलं म्हणतात, "सर, एवढी काही भारी नाही." मी त्यांना सांगतो, बाळांनो, आधी ती धावपट्टी डोळ्यांपुढं आणा. तेव्हा सिंथेटिक ट्रॅक नव्हता. जळक्या कोळशाची बारीक खडी दाबून केलेली सिंडरची पट्टी असायची. स्पाइकच्या बुटांचे खिळे लांब, दर पावलाला ते रुततात, उपसून काढावे लागतात, आणि खडी मागच्याच्या नडगीवर उडते. पुढच्या शर्यतीपर्यंत आतली लेन खणल्यासारखी होते. पडलात तर गुडघ्यात शिरलेले काळे कण महिनाभर निघत नाहीत. वेळ मोजायची ती हातातल्या घड्याळावर, अंगठ्यानं दाबून, एक दशांश सेकंदापर्यंत. अशा पट्टीवर १०.८.

आणि हे नीट ऐका. त्या दिवसापासून आजतागायत आशियाई स्पर्धेत पुरुषांची शंभर मीटर दुसऱ्या कुठल्याही भारतीयानं जिंकलेली नाही. मिल्खासिंग यांनी १९५८ ला दोनशे आणि चारशे जिंकल्या, पण शंभर नाही. त्या रकान्यात भारताचं एकच नाव आहे, लेव्ही पिंटो. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि २०२० साली, नव्वदी पार करून, तिकडेच गेले. त्या आठवड्यात मी आमच्या भागातल्या मराठी पेपरांतून बातमी शोधत होतो. माझ्या हाती लागली नाही.

आता मुली. १९५१ च्या त्या स्पर्धेत शंभर मीटरला जपानची कियोको सुगिमुरा पहिली, आपली रोशन मिस्त्री दुसरी. दोनशे मीटरला मेरी डिसूझा तिसरी. ४ बाय १०० रिलेत जपान पहिला, भारत दुसरा, आणि त्या रिलेत या दोघीही होत्या.

आपल्याकडे दुसऱ्या क्रमांकाला "थोडक्यात हुकलं" म्हणायची पद्धत आहे. मग हिशेब करून बघू. रोशननं १९५१ ला शंभर मीटरला रौप्य घेतलं. उषानं १९८२ ला रौप्य, १९८६ ला सोलला पुन्हा रौप्य. द्युती चंदनं २०१८ ला जकार्तात रौप्य. भारताच्या एकाही मुलीनं आजवर आशियाई स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलेलं नाही. म्हणजे स्वातंत्र्य मिळून चार वर्षंही झालेली नसताना मुंबईच्या एका मुलीनं जी रेघ ओढली, तिच्या बरोबरीला आपण तीनदा पोचलो, पुढं एकदाही गेलो नाही. पदकाची किंमत अशी करायची असते.

रिलेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः शाळेत दुसऱ्या टप्प्याला धावायचो आणि पुढे तीस वर्षं मुलींना रिले शिकवली. बॅटन, म्हणजे हातातली नळी, पुढचीला द्यायला तेव्हा वीस मीटरचा पट्टा असायचा. येणारी पूर्ण वेगात, घेणारी पाठमोरी. घेणारीनं मागं बघायचं नसतं. पट्टीवर आधी एक खूण केलेली असते, येणारीचा पाय तिथं पडला की निघायचं, हात मागं करायचा, पंजा उघडा, अंगठा आणि बोटं यांच्यात खाच. येणारी ओरडते, "हात!" आणि ती नळी खाचेत बसते. पाव सेकंद आधी निघालात तर ती पोचत नाही, पाव सेकंद उशीर झाला तर ती तुमच्या पाठीवर आदळते. हे साधायला चौघींनी रोज संध्याकाळी एकत्र यावं लागतं, महिनोन् महिने. त्या काळी मुलीनं चड्डी घालून मैदानावर उतरायचं हेच केवढं मोठं. आपल्या घरांतून किती मुली पाठवल्या असत्या? पारशी आणि ख्रिस्ती घरांनी पाठवल्या, म्हणून १९५१ ला भारताच्या नावावर रिलेचं रौप्य लागलं. हे उपकार आपण बोलून दाखवलेले नाहीत.

मेरी डिसूझा वांद्र्याच्या. गोव्याकडचं कुटुंब. पुढच्याच वर्षी, १९५२ ला, हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. त्या आणि बंगालची निलिमा घोष. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरलेल्या पहिल्या मुली या दोघी. निवड झाली, पण जायला पैसे कुठं होते? वांद्र्यातल्या आप्तेष्टांनी, मित्रमंडळींनी कार्यक्रम करून पैसे उभे केले.

आता हेलसिंकी म्हटलं की या सभागृहातल्या प्रत्येकाच्या मनात एक नाव आलं असणार, आणि यायलाच हवं. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, हे आपण पोरांना सांगतो, सांगताना आपला आवाज कापरा होतो. खाशाबा १९५१ ला दिल्लीत नव्हते, कारण त्या पहिल्या स्पर्धेत कुस्तीच नव्हती, ती १९५४ ला आली. असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. तेच साल, तेच हेलसिंकी, तीच पैशांची वानवा, तशीच स्वतःच्या खिशात हात घालणारी साधी माणसं. एक गोष्ट कोल्हापूरची, एक वांद्र्याची. कोल्हापूरची गोष्ट आपली झाली, वांद्र्याची झाली नाही. का? मेरीच्या घरी कोकणी, इंग्रजी बोलत असतील, रोशनच्या घरी गुजराती बोलत असतील, म्हणून? महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासावर बोलताना आपण मल्ल सांगतो, कबड्डी-खोखो सांगतो, क्रिकेट तर सांगतोच. याच मुंबईच्या मैदानांवर घाम गाळलेली ही मुलं-मुली त्या यादीत दिसत नाहीत. मला हे लागतं. मी मराठी शाळेत शिकवलं, मराठी मुलींना धावायला शिकवलं, आणि त्यांच्यापुढं ठेवायला आदर्श शोधत मी केरळच्या उषापर्यंत गेलो. आदर्श होता वांद्र्याला, लोकलनं अर्ध्या तासावर.

पुढचं सांगतो. १९५४ ला मनिलात दुसरी आशियाई स्पर्धा झाली. मुलींची ४ बाय १०० रिले. या वेळी भारताकडून ख्रिस्तीन ब्राउन, पुण्याची स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि आपली मेरी डिसूझा. तीन वर्षांपूर्वी दिल्लीत जपानच्या मागं राहिलेली रिले मनिलात भारतानं जिंकली. आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींचं ते पहिलं सुवर्ण. वैयक्तिक सुवर्णासाठी मग १९७० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा बँकॉकला कमलजीत संधूनं चारशे मीटर जिंकली. १९५१ च्या रौप्यातली आणि १९५४ च्या सुवर्णातली, दोन्हींतली मेरी एकच. मेरी भारताकडून हॉकीही खेळल्या. एका जन्मात दोन खेळांत देशाची जर्सी! ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०१३ ला मिळाला, दिल्लीच्या त्या मार्च महिन्यानंतर बासष्ट वर्षांनी.

त्या शाळेच्या मैदानाकडे पुन्हा येतो. त्या मुलीला मी रोशनचं नाव सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांचा फोटो आहे का सर?" माझ्याकडे नव्हता. घरी येऊन कपाट उपसलं, कात्रणं काढली. लेव्हीचा सापडला, रोशनचा एकही नाही.

म्हणून तुमच्याकडे आज एक मागणं आहे. या सभागृहात पंच्याऐंशी-नव्वदीची दोन-चार माणसं मला समोर दिसताहेत. तुमच्यापैकी कुणी पन्नासच्या दशकात मुंबईच्या मैदानांवर धावलं असेल, कुणाची आत्या, मावशी, शेजारीण या मुलींबरोबर सरावाला जात असेल, कुणाच्या घरी जुना अल्बम असेल, तर कार्यक्रम संपल्यावर जाऊ नका. दाराशी टेबलावर मी वही ठेवली आहे. त्यात नाव आणि घरचा नंबर लिहून ठेवा, मी स्वतः येईन. आणि रोशन मिस्त्रींचा फोटो कुणाकडे असला, तर त्याची एक प्रत मला त्या सातवीतल्या मुलीला नेऊन द्यायची आहे.