रिकाम्या बाह्या

(डल सरोवर, पहाट. काठाशी गोठलेल्या पाण्याचा पापुद्रा.)

श्रीनगर. २१ डिसेंबरला इथं चिल्लई कलान सुरू होतं, ४० दिवसांची कडाक्याची थंडी. या थंडीत माणसं पोज न देता, आहेत तशी कशी टिपायची, ते बघू.

(फोटो १.)

हा फोटो नीट बघा. बर्फातून एक म्हातारा चाललाय. अंगात गुडघ्याखाली येणारं फेरन, म्हणजे सैल काश्मिरी झगा, आणि त्याच्या दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबताहेत. हात आत आहेत, कांगडीवर. कांगडी म्हणजे काटक्यांच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे. पोटापाशी फुगवटा दिसतोय तो तिचाच. मागचा सगळा बर्फ हातानं झाकून बघा, थंडी तशीच राहते. "इकडं बघा, हसा" म्हटलं असतं तर त्यानं हात बाहेर काढले असते, आणि फोटो तिथंच गेला असता.

(चेहरा जवळून.)

दिवस ढगाळ आहे, तरी हनुवटीखाली अंधार नाही. जमिनीवरच्या बर्फानं खालून उजेड दिलाय, म्हणून डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही मोजता येतात. मात्र कॅमेऱ्यावर सोडलं तर हे साधत नाही. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे असं कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर धरून चालतं. सगळीकडं पांढरं दिसलं की ते उजेड कमी करतं. मग बर्फ राखाडी येतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबावर उजेड वाढवायची-घटवायची सेटिंग, +१ ते +१.७ स्टॉप ठेवावं; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडं काळोख आणि उजवीकडं उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, उजव्या कडेला आदळला, तर बर्फावरचे पावलांचे ठसे पुसले जातात. मग एक-तृतीयांश स्टॉप मागं यावं.

(फोटो २. पहाटेचा तरंगता भाजीबाजार.)

नावेच्या टोकावर उकिडवा बसलेला भाजीवाला. त्याच्या तोंडची वाफ दिसते, कारण मागं दुसऱ्या नावेचं काळपट लाकूड आहे आणि उजेड पलीकडून येतोय. पांढऱ्या बर्फासमोर हीच वाफ विरून गेली असती. जागा आधी हेरायची आणि माणूस तिथं येईपर्यंत थांबायचं, यातच खरं कसब आहे.

हिमवर्षाव चालू असेल तर १/५०० सेकंदाला कण ठिपक्यांसारखे येतात, १/६० ला त्यांच्या रेघा होतात. फ्लॅश बंदच हवा, नाहीतर जवळचे कण पांढरे गोळे होऊन चेहऱ्यावर बसतात. ऑटोफोकसही कणांवर अडकतो, म्हणून एकच फोकस पॉइंट निवडून तो चेहऱ्यावर ठेवावा.

न सांगता टिपलं म्हणजे लपून टिपलं असं होऊ नये. फोटो झाल्यावर दाखवावा, नको म्हणाले तर समोरच पुसावा. जवान आणि तपासनाके चौकटीत घेऊ नयेत.

(कॅमेरा पिशवीत जातो.)

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवावी. उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा. मग दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही. तासभर तरी ती उघडू नये.